ताण्यात ठरणारी लांबी

माणदेशातल्या घोंगडीचं माप हातात सांगायची जुनी रीत. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, साधारण १८ इंच. सहा हात घोंगडी म्हणजे नऊ फूट: निम्मी अंथरावी, निम्मी पांघरावी. पावसात तिचीच खोळ करून मेंढका रानात उभा राहतो.

स्वेटर विणणारीला एक सोय असते. आधी चार बोटांचा नमुना विणायचा, टाके मोजायचे, चुकलं तर उसवायचं. घोंगडी विणणाऱ्या सनगराला ती सोय नाही. खड्डामागावर बसण्याआधीच ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, लांबी ठरलेली असते; नंतर वीतभर वाढवू म्हटलं तरी वाढत नाही. त्यातून लोकर ताण सुटला की आखडते आणि पाण्यात भिजली की आणखी आटते. म्हणून ताणा मागितलेल्या मापापेक्षा लांबच धरावा लागतो. किती लांब, हे सुताच्या पिळावर आणि लोकरीच्या जातीवर अवलंबून. कोकराच्या पहिल्या कातरणीची, जावळाची लोकर मऊ; थोराड मेंढीची राठ. चिंचोक्याची खळ पाजून, कुंच्यानं साफ करून सूत कडक केलं की मगच ते मागावर टिकतं.

मापाला दुसरी मर्यादा कळपाची. दख्खनी मेंढी वर्षाकाठी किलोभरही लोकर देत नाही. त्यामुळे एका घोंगडीत अनेक मेंढ्यांची लोकर जाते, आणि सूत कातण्यात धनगर बायकांचे कितीतरी दिवस. हे कष्ट किमतीत क्वचितच धरले गेले, हा खरा अन्याय.

सांगलीकडचा मुलूख १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कळपांनी जिल्ह्याची ही हद्द कधी मानली नाही, घोंगडीनंही नाही. १९१९ मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरही हीच घोंगडी असे.

आता जत भागातली माडग्याळ मेंढी पाळतात ती मांसासाठी, आणि बाजारात स्वस्त ब्लँकेटचे ढीग लागलेत. घोंगडी घ्यायची झाली तर थेट विणकराकडून घ्या. फुटांचा भाव विचारण्याआधी ताणा किती हात धरला होता आणि धुतल्यावर किती उरेल, ते विचारा. तो नेमकं सांगेल.