बर्फाच्या पाण्यातलं रबर

कुकरची रिंग सैल झाली, शिट्टी होईना, की बऱ्याच घरांत ती थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवतात. गारठ्यानं रबर आक्रसतं, ताठरतं आणि तेवढ्यापुरतं काम भागतं. जानेवारी १९८६ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर मात्र रबराचा हाच गुण सात माणसांच्या जिवावर उठला.

चॅलेंजर यानाला वर ढकलणारे दोन बूस्टर म्हणजे एकावर एक रचलेली प्रचंड नळकांडी. प्रत्येक सांध्यात रबराच्या दोन ओ-रिंगा. बूस्टरचा व्यास साडेतीन मीटरहून जास्त, रिंगेची जाडी जेमतेम सात मिलिमीटर. इंधन पेटलं की आतल्या दाबानं सांधा किंचित फाकायचा. दाबून बसलेल्या रिंगेनं सेकंदाच्या आत उसळून ती फट बुजवायची.

हे रबर साधंसुधं नव्हतं. ते होतं व्हायटॉन, ड्यूपॉन्ट कंपनीनं १९५७ मध्ये बाजारात आणलेलं. साधं रबर तेलात फुगतं, उष्णतेनं तडकतं. व्हायटॉनमध्ये कार्बनला फ्लोरिन घट्ट बिलगलेला असतो, त्यामुळे ते इंधनं, तेलं, कित्येक आम्लं आणि दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता सोसतं. थंडीत मात्र ते सुस्तावतं. तुटत नाही, फक्त उसळायला वेळ लावतं. आणि इथे वेळच नव्हता.

जानेवारी १९८५ मध्ये थंडीतल्या एका उड्डाणानंतर दोन रिंगांच्या मधे काळी काजळी सापडली होती. गरम वायू पहिली रिंग ओलांडून गेला होता. बूस्टर बनवणाऱ्या थायोकॉल कंपनीतले अभियंते रॉजर बोईजोली यांनी जुलैमध्ये वरिष्ठांना लेखी कळवलं, की हे असंच चाललं तर माणसं जातील. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री फोनवरच्या बैठकीत अभियंत्यांचं म्हणणं होतं, सुमारे बारा अंशांखाली उडवू नका. नासाचे अधिकारी नाराज झाले. कंपनीच्या व्यवस्थापकांनी बाजूला जाऊन चर्चा केली आणि निर्णय फिरवला. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावं लागायचं. त्या रात्री अभियंत्यांनी ‘धोका आहे’ हे सिद्ध करावं, अशी अपेक्षा होती. तेवढा पुरावा त्यांच्या हाताशी नव्हता.

सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान होतं सुमारे दोन अंश. बूस्टर पेटताच उजवीकडच्या खालच्या सांध्यातून काळा धूर निघाला. ७३ सेकंदांनी यानाचे तुकडे झाले. त्यात शाळाशिक्षिका क्रिस्टा मॅकऑलिफही होत्या.

११ फेब्रुवारीला चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. चिमटा सोडला, तरी रबर लगेच मूळ आकारात येईना. देशभरच्या टीव्हीवर ते दिसलं.

सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणं पुन्हा सुरू झाली. सांध्याची रचना बदलली, तिसरी रिंग आली, सांधे उबदार ठेवायला हीटर बसवले. रबर मात्र फ्लोरिनवालंच राहिलं. कारण दोष रबराचा नव्हता. आपल्याला काय झेपत नाही, ते त्यानं वर्षभर आधीच काजळीच्या भाषेत सांगितलं होतं. ज्यांना ती भाषा वाचता आली, त्यांच्या हातात निर्णय नव्हता.