यंत्राची भाषा आणि पहिले पुस्तक

ग्वाल्हेरचे लष्कर ही नावाप्रमाणेच मुळात छावणी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे तळ दिला आणि त्या तळाचे हळूहळू शहर झाले. नया बाजार हा याच लष्करातला. ज्या शहरात १९५७ साली माधव अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९९७ साली माहिती तंत्रज्ञानाची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तेथील नया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात संगणकाची भाषा शिकू पाहणारा मुलगा किंवा मुलगी असणे ही आता नवलाची गोष्ट नव्हे. अशा नवशिक्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पुस्तकाचा. निवड चुकली तर पैसे जातात, पण ते नुकसान लहान. ‘हे आपल्याला जमणारे नाही’ अशी समजूत मनात घर करून बसते, ते नुकसान मोठे. कारण दोष पुस्तकाचा असतो आणि शिक्षा शिकणाऱ्याला होते.

ग्वाल्हेरला हा प्रश्न अगदीच अपरिचित नाही. गाणे गुरुमुखातूनच यावयाचे, पुस्तकातून नव्हे, अशी जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा, त्याच या नगरीत माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंड्यांनी संगीतशास्त्रावर विस्तृत ग्रंथ लिहिले होतेच. परंतु विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाची पुस्तके त्यांनी निराळी रचली आणि त्यांना नाव दिले ‘क्रमिक पुस्तक मालिका’. तिचे सहा भाग झाले. जाणत्यासाठी ग्रंथ वेगळा आणि नवशिक्यासाठी पायऱ्यांची चढण वेगळी, हा विवेक त्या ‘क्रमिक’ शब्दात सामावलेला आहे.

संगणकभाषांच्या इतिहासातही हाच भेद दिसून येतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही भाषा घडविली आणि १९७८ साली ब्रायन कर्निघन यांच्यासह तिच्यावर पुस्तक लिहिले. नवशिक्याने प्रथम पडद्यावर जगाला अभिवादन करणारी चिमुकली आज्ञावली लिहावी, ही प्रथा जगभर रूढ केली ती याच पुस्तकाने. ते आटोपशीर आहे, नेमके आहे आणि अधिकारी पुरुषांच्या हातचे आहे. तथापि हे अगदी आरंभीचे पुस्तक नव्हे, वाचकाला आज्ञावलीची मूलतत्त्वे ठाऊक असावीत, असे लेखकद्वयाने प्रस्तावनेतच सांगून टाकले आहे. ती प्रस्तावना न वाचता, केवळ कीर्ती ऐकून पुस्तक घेणारा नवशिका पहिल्या काही प्रकरणांतच अडखळला, तर त्यात नवल ते काय?

आपल्या देशात या वाटेची पहिली पायरी बांधली गेली ती कानपूरला. तेथील आय. आय. टी.त १९६३ साली आय. बी. एम. १६२० हा संगणक आला आणि प्राध्यापक व्ही. राजारामन यांनी विद्यार्थ्यांना आज्ञावली लिहावयास शिकविले. त्या अध्यापनातून त्यांचे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थी कोठे चुकतो हे लेखकाने वर्गात पाहिलेले होते, आणि पुस्तकाची किंमत विद्यार्थ्याला परवडावी हाही त्यांचा आग्रह होता.

त्याच कानपूरहून एम. टेक. झालेले नागपूरचे यशवंत कानेटकर यांनी पुढे ‘लेट अस सी’ हे पुस्तक लिहिले आणि भारतातील असंख्य विद्यार्थ्यांनी ‘सी’ची मुळाक्षरे त्यावर गिरविली. सोपी इंग्रजी, छोटी उदाहरणे आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी भरपूर प्रश्न, हे त्याचे बळ. इंग्रजी बेताचीच येणाऱ्या मुलालाही ते धाक घालत नाही. मराठी वा हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने हा गुण लहान नव्हे.

परंतु संगणकभाषेच्या पुस्तकाला वयाचे बंधन असते, तसे ते व्याकरणाच्या किंवा गणिताच्या पुस्तकाला नसते. ‘लेट अस सी’च्या जुन्या आवृत्त्या ‘टर्बो सी’ या कंपायलरला धरून होत्या. त्यांतील काही आज्ञा आजचे कंपायलर ओळखतही नाहीत. ‘पायथन’ भाषेची तिसरी आवृत्ती २००८ साली निघाली आणि दुसरीचा सांभाळ २०२० च्या प्रारंभी थांबला. त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या जुन्या पुस्तकातील पडद्यावर अक्षरे उमटविण्याची साधी आज्ञाही, कंस नसल्याच्या कारणाने, आज चूक ठरते. नवशिक्याला मात्र वाटते की चूक आपलीच झाली.

तेव्हा पुस्तक निवडताना लेखकाच्या कीर्तीआधी चार गोष्टी पाहाव्यात. प्रस्तावनेत ते कोणासाठी लिहिले आहे म्हणून सांगितले आहे? आवृत्ती कोणत्या सालची आहे आणि भाषेचे कोणते रूप तीत शिकविले आहे? पहिल्या प्रकरणातली आज्ञावली आपल्या यंत्रावर जशीच्या तशी चालते काय? आणि प्रकरणाअखेर स्वतः सोडवावयाचे प्रश्न आहेत काय? या कसोट्यांस उतरलेले एकच पुस्तक घ्यावे आणि ते तडीस न्यावे. पाच पुस्तकांची पहिली प्रकरणे वाचून कोणतीही भाषा येत नाही. मोठे ग्रंथ कोठे पळून जात नाहीत. पायरी चढून गेलेल्याला त्यांचे दार उघडेच असते. भातखंड्यांची क्रमिक पुस्तके हाती धरून शिकणाऱ्यालाही तानपुऱ्याजवळ बसून स्वर लावावाच लागे; संगणकाच्या विद्यार्थ्यालाही पुस्तक शेजारी उघडे ठेवून प्रत्येक आज्ञा स्वतःच्या बोटांनी लिहावी लागते, आणि जे पुस्तक त्याला तसे लिहावयास बसविते, तेच त्याचे खरे पहिले पुस्तक होय.