वतनाचा वारसा आणि घराचे मृत्युपत्र

आमच्या घराण्यात कुणी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखे फारसे नव्हते, आणि जे होते ते आमच्या मर्जीने द्यायचे नव्हते. आजोबांचा महारकीच्या वतनात वाटा होता. तो त्यांना त्यांच्या बापाकडून आला, बापाला त्याच्या बापाकडून. जमिनीचा तुकडा आला तशी येसकराची काठी आली, सांगावा आला, मेलेले ढोर ओढणे आले. ‘तुमचं वतन आहे बाबा,’ असे गाव म्हणे, आणि आम्हालाही ते खरे वाटे.

या वतनाचा कायदा मी पुढे शिक्षक झाल्यावर वाचला. मुंबई इलाख्यात १८७४ साली वंशपरंपरागत वतनांचा कायदा झाला. सरकारच्या मंजुरीशिवाय वतनदाराला आपली वतनी जमीन त्याच वतनातल्या वतनदारांबाहेर कुणाला स्वतःच्या हयातीपलीकडे देता येत नव्हती. मृत्युपत्र तर माणसाची हयात संपल्यावरच लागू होते. म्हणजे ही जमीन बाहेरच्या कुणाला लिहून देण्याची वाट बंदच होती. १८८६ च्या दुरुस्तीने शेवटच्या पुरुष मालकाची विधवा सोडून घरातल्या बाकी सर्व स्त्रियांना वारसाच्या रांगेत पुरुषांच्या मागे उभे केले. ढोर ओढायला, सरपण वाहायला, वाड्यावर राबायला घरातली बाई चाले. वारस म्हणून मात्र तिचा नंबर सगळ्यांच्या शेवटी.

लोक वतनाला मालमत्ता म्हणतात. मालमत्ता ती, जी माणूस आपल्या मनाने कुणाला देऊ शकतो. इथे जमीन माणसाच्या मालकीची होती की माणूस जमिनीबरोबर गावाच्या मालकीचा होता? बाबासाहेबांनी नेमके हेच ओळखले. एका माणसाच्या वतनापायी सारे कुटुंब राबते, हे त्यांनी उघड मांडले, आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. आमच्यातल्याच अनेकांना वतन सोडवत नव्हते, हेही इतिहासात नोंदले पाहिजे. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. जमिनी पुन्हा दिल्या, पण कलेक्टरच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही, वाटप नाही, या अटीवर. काठी गेली, दोरी राहिली.

याच महाराष्ट्रात, वतनाचा हा काळ चालू असताना, एका माणसाने मृत्युपत्र हत्यारासारखे वापरले होते. जोतीराव फुल्यांनी १८८७ च्या जुलैत पुण्यात आपले मृत्युपत्र नोंदवले. त्यांना पोटचे मूल नव्हते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला होता, आणि भाऊबंद तो मानणार नाहीत हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी मालमत्ता सावित्रीबाई आणि यशवंत यांच्यासाठी लिहून ठेवली. यशवंत नालायक निघाला तर शूद्र समाजातला लायक मुलगा निवडावा, अशी तरतूद केली. रक्त कुणाचे हे त्यांनी विचारले नाही, लायकी विचारली. आपला देह मिठात घालून पुरावा, असेही लिहिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. पुरण्याची परवानगी मिळाली नाही, दहन करावे लागले. टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला कोर्टात एक्झिक्युटर म्हणतात. या शब्दाचा अर्थ मुलांना सांगताना मी हेच दृश्य सांगत आलो. कागद लिहिणारा जातो. मग त्याच्या बाजूने उभे राहणारे जिवंत माणूस लागते.

दर २८ नोव्हेंबरला मी हे भाषण करीत होतो, आणि माझी मावशी कुंभारीत विड्या वळत होती.

कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, अक्कलकोट रस्त्यावर. विडी कामगार बायांनी नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढले, तेव्हा इथल्या माळावर गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे बायांना मिळाली. पुढे त्याच कुंभारीत रे नगरची तीस हजार घरांची योजना आली. तिथली पहिली पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आली. या वस्त्यांत पद्मशाली आहेत, मुसलमान आहेत, आपले लोक आहेत. मांडीवर सूप घेऊन आयुष्य काढलेल्या बाईच्या नावावर घर! आमच्या घराण्यात बाईच्या नावावर आलेली ती पहिली वास्तू.

मावशी विधवा, मूलबाळ नाही. भावाची मुलगी नवऱ्याने टाकलेली. तिला मावशीने सांभाळले आणि अखेरच्या आजारात तिने मावशीला. काही वर्षांपूर्वी मावशी गेली. तेराव्या दिवसाआधी दिरांची मुले घराच्या दारात आली. वीस वर्षांत त्यांनी तिला चहा विचारला नव्हता. मी वकिलाकडे धावलो. त्याने पुस्तक उघडून दाखवले.

हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धर्म सोडला, पण वारशापुरते या कायद्याने बौद्धांनाही आपल्या कक्षेत धरले आहे. त्याचे कलम १५ सांगते : बाई मृत्युपत्राशिवाय गेली तर आधी मुले आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस, त्यानंतर तिचे आईबाप, आणि त्याहीनंतर बापाचे वारस. भाची तिथे कुठल्या कुठे! २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच खटला होता. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने हाकललेली, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेली बाई. तिची सारी कमाई नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांकडे गेली. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, असे न्यायालयाने म्हटले. १८८६ च्या दुरुस्तीतली बाई आणि ही बाई, दोघींची रांगेतली जागा पाहा.

पण एक फरक आहे, आणि त्यासाठीच मी लिहितो आहे. वतनात मावशीच्या आजीला हात बांधलेले होते. मावशीचे हात मोकळे होते. एका साध्या कागदाने ती घर भाचीला देऊ शकली असती. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केलेली मात्र बरी. बाईचा अंगठा चालतो. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तिला सही वा अंगठा करताना पाहावे, आणि ज्याला घर द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. अंमलबजावणीला विश्वासाचे माणूस नेमावे. घर दोघांच्या नावावर असेल तर बाईला आपला हिस्साच देता येतो. मुसलमान भगिनींना साधारणपणे एक तृतीयांशच मृत्युपत्राने देता येते, आणि वारसाला द्यायचे तर बाकी वारसांची संमती लागते. सोसायटीत वा विम्यात नाव लावले म्हणजे झाले, असे समजू नये. विम्यातला नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितले होते; २०१५ पासून आईबाप, जोडीदार वा मुले नॉमिनी असतील तर तेवढ्यापुरते हे बदलले आहे.

मोर्चाला बाया नेणारे आपण कार्यकर्ते, घर मिळाले की घोषणा थांबवतो. मी शिक्षक, जोतीरावांचे मृत्युपत्र मला तोंडपाठ, आणि मावशीला मी एकदाही विचारले नाही, ‘मावशी, हे घर तुझ्यामागं कुणाचं?’

भाची आता भाड्याच्या खोलीत विड्या वळते. या वर्षीपासून २८ नोव्हेंबरला मी भाषण करणार नाही. कोरे कागद आणि शाईचे पॅड घेऊन कुंभारीत बसणार आहे. साक्षीदार म्हणून जे येतील ते हवे आहेत.