चाकांची कडी

उल्हासनगरात रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर तीन’ असेच म्हणावे लागते. हा कॅम्प निर्वासितांचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याआधी तो दुसऱ्या महायुद्धातल्या सैन्याचा होता, हे फारसे आठवत नाही. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी कुटुंबे उतरली आणि ऑगस्ट १९४९ मध्ये वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले.

लष्करी वस्तू संसारात आली की हिशेब बदलतो. जीपचेही तसेच झाले. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये दांडी ओढून इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना देता येई; पण पुढची चाके धावताना आतले धुरे, डिफरन्शियल आणि प्रोपेलर शाफ्ट यांनाही फुकट फिरवत राहत. रणांगणावर त्याची कोणाला पर्वा नव्हती. त्याच जीपा पुढे शेतकऱ्यांच्या आणि ठेकेदारांच्या हाती गेल्या, तेव्हा पेट्रोल आणि झीज खिशाला जाणवू लागली. १९४८ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला आर्थर वॉर्न यांनी अशा जीपांसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी विलीजची जुळणी हाती घेतली होती.

रचना साधी आहे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी एक चकती असते. ती ‘फ्री’वर असली की चाक नुसते बेअरिंगवर फिरते आणि धुरा स्वस्थ राहतो, ‘लॉक’वर फिरवली की आतली दातेरी कडी सरकून चाक आणि धुरा एकत्र बांधते. दोन्हीकडची लॉक लावावी लागतात. एकच लागले तर डिफरन्शियल मोकळ्या बाजूचा धुरा गरगर फिरवते आणि पुढून ओढ मिळत नाही. हब मोकळे ठेवून लो गिअर टाकला तर सारा भार मागच्या धुऱ्यावर पडतो.

हे मी पुस्तकात वाचले होते. कळले २६ जुलै २००५ च्या रात्री. बदलापुरात उल्हासचे पाणी चढत होते आणि शेजारच्या आजींना आमच्या पिकअपमधून उंचावरच्या वस्तीत न्यायचे होते. उजवे लॉक लागले. डावी चकती हलेना. वर्षभर मी तिला हातही लावला नव्हता. मागची चाके चिखलात रुतत गेली. शेवटी चौघांनी आजींना खाटेवरून नेले. त्या सुखरूप पोहोचल्या, पण रिकाम्या गाडीजवळ उभे राहताना वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

पुढे अंबरनाथच्या एका मेकॅनिकने तो हब उघडला. कोणीतरी बेअरिंगचे जाड ग्रीस आत ठासून भरले होते; पुराचे पाणी मिसळून ते ताकासारखे पांढरे झाले होते. त्याने सगळे पुसून काढले, दातांवर पातळ हात फिरवला, सील बदलले आणि बजावले: चकती हातानेच फिरवायची, पक्कड लावायची नाही. महिन्यातून एकदा दोन्ही लॉक लावून मातीच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर चालवायचे. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकायचे नाही. पाण्यातून गाडी गेली की हब उघडून पाहायचा.

बदलापूर म्हणजे प्रवासातले घोडे बदलण्याचा टप्पा, अशी व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो-नसो, राखीव घोड्यालाही फिरवून आणावे लागतेच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बारवी धरणाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर जातो. खाली उतरून आधी डावी चकती फिरवतो.