धरलेला उंदीर, पडलेला उंदीर

आमच्या आजीच्या बोलण्यात 'उंदीर धरला' आणि 'उंदीर पडला' हे दोन अगदी वेगळे प्रकार होते. धरलेला उंदीर म्हणजे कणगीतल्या जोंधळ्याचा चोर. तो सापडला की घर खूश. पडलेला उंदीर म्हणजे कुणी न मारता आढ्यावरून पटकन खाली आलेला. तो दिसला की जुनी माणसं बोचकी बांधायला लागत.

या भीतीचं मूळ 1896 सालात आहे. त्या सप्टेंबरात मुंबईत, धान्याच्या वखारींनी भरलेल्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. पुढं साथ पुण्यात आली. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 ला याच रोगानं गेल्या. मग देशावरच्या खेड्यांत साथ शिरली आणि कितीतरी वर्षं परत परत येत राहिली. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानं 1898 साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. खेड्यातल्या माणसाला पिसवाचं काही ठाऊक नव्हतं; आधी उंदीर पडतात, मग माणसं, एवढं त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून गाव सोडून लोक माळावर खोपी घालून राहायचे. आजीच्या लहानपणी तिचं गाव दोनदा असं माळावर गेलं होतं.

साथ ओसरली, पण उंदरावरची तिची पाळत सुटली नाही. विकतचा पिंजरा घरात नव्हता. तिचा सापळा घरातल्याच वस्तूंचा. काठाचा टवका उडालेला जुना डेरा ती कणगीजवळ, भिंतीला लागून ठेवायची, कारण उंदीर भिंत धरून पळतो. आत वीतभर पाणी. वेळूच्या पोकळ कांड्यातून मोडक्या छत्रीची काडी आरपार घालून ती डेऱ्याच्या तोंडावर आडवी टाकायची, दोन्ही टोकं शेणमातीच्या गोळ्यानं काठावर बसवायची. कांडं काडीभोवती मोकळं फिरलं पाहिजे, सगळी मेख तिथंच. मग भाजलेलं खोबरं ठेचून कांड्याच्या मध्यावर चहूबाजूंनी फासायचं आणि काठापर्यंत चढायला एक फळी तिरकी लावायची.

रात्री उंदीर वासानं फळी चढतो, कांड्यावर पाय देतो, कांडं गर्रकन फिरतं अन् तो पाण्यात. डेऱ्याचं पोट फुगीर, कड आत वळलेली. वर यायला नखाला आधार मिळत नाही. कांडं लगेच दुसऱ्यासाठी तयार. "पिंजरा एक धरून गप बसतोय, ह्यो रातभर राबतोय," आजी म्हणायची.

सकाळचा तिचा नेम कडक होता. मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. चिमट्यानं उचलायचा, घरापासून लांब नेऊन गवऱ्यांवर राकेल ओतून जाळायचा. आणि सापळ्याआधी कणगी शेणानं लिंपायची, भिंतीतली बिळं दगड घालून बुजवायची. सांडलेला दाणा तसाच राहिला तर नुसता सापळा पुरत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

ही गोष्ट जुनी झाली असं वाटत असतानाच 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला. मराठवाड्यात धास्तावलेली माणसं घराबाहेर राहू लागली. धान्य मात्र घरातच राहिलं आणि उंदरांना मोकळं रान मिळालं. 1994 च्या ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, मग माणसांना गाठी आल्या. माळावर गेल्यानं माणूस वाचायचा हे खरं, पण मागं राहिलेलं घर तेवढे दिवस उंदरांचंच असायचं. म्हणून आजीच्या घरात कणगीत दाणा होता तोवर डेऱ्यात पाणीही असायचं.