छगला, महंमद अली करीम
(३० सप्टेंबर १९०० – ९ फेब्रुवारी १९८१). भारतीय कायदेपंडित, मुत्सद्दी व केंद्रीय मंत्री. जन्म मुंबईत. ऑक्सफर्ड येथे इतिहासाचा अभ्यास करून व बॅरिस्टर होऊन ते १९२२ मध्ये मुंबईस परतले आणि बॅ. जिनांच्या हाताखाली वकिली करू लागले. तथापि नेहरू अहवालावरून (भारताच्या भावी संविधानाचा १९२८ चा मसुदा) मतभेद होऊन त्यांनी जिनांची साथ सोडली. १९४१ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले व १९४७–५८ या काळात मुख्य न्यायाधीश होते.

आंतरराष्ट्रीय क्षेत्राशी त्यांचा संबंध १९४६ मध्येच आला, तो संयुक्त राष्ट्रांतील भारतीय शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून. दमणहून दाद्रा व नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी पोर्तुगालने भारताविरुद्ध हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, तेव्हा भारताने त्यांना तदर्थ न्यायाधीश, म्हणजे एका पक्षकार राष्ट्राने त्या खटल्यापुरता नेमलेला न्यायाधीश, म्हणून पाठविले. न्यायालयाने १९६० मध्ये खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांच्यापुरता हक्क मान्य केला, सशस्त्र दलांसाठी नाकारला आणि भारताने कर्तव्यभंग केला नसल्याचे ठरविले. छगलांनी मात्र आपले भिन्नमत नोंदविले. विशेष म्हणजे निकालाच्या वेळी ते अमेरिकेत भारताचे राजदूतही होते (१९५८–६१). न्यायासन व वकिलात यांचा असा मेळ विरळाच.

पुढे ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, नंतर शिक्षणमंत्री व परराष्ट्रमंत्री झाले. विद्यापीठांतील इंग्रजी घाईने हटविण्याच्या धोरणास विरोध म्हणून त्यांनी १९६७ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.