चिठ्ठीवरचं साल

कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवताना मुलांची कीटकपेटी तपासायला घेतली की मी आधी चिठ्ठ्या वाचायचो. कीटक कुठे सापडला, कधी, कोणी धरला, एवढं टाचणीखाली नसेल तर पेटी परत. मुलांना हा जाच वाटायचा. मग मी त्यांना न्यूझीलंडमधल्या गांधीलमाश्यांबद्दल सांगायचो.

त्या देशात पोळं बांधून वसाहतीनं राहणारी मूळची एकही गांधीलमाशी नव्हती. 1945 मध्ये हॅमिल्टनजवळ ‘ते रापा’ या ठिकाणी जर्मन गांधीलमाशी आढळली. युरोपातून आलेल्या विमानांच्या भागांच्या खोक्यांत तिच्या राण्या थंडीची झोप काढत आल्या होत्या. सरकारनं राणीमागे बक्षीस लावलं, तरी ती पसरतच गेली.

पुढे 1983 मध्ये ड्युनेडिनला दुसरी जात नक्की झाली: शास्त्रज्ञ लिनियसनं 1758 मध्ये वर्णन केलेली साधी गांधीलमाशी, व्हेस्पुला व्हल्गॅरिस. संग्रहालयातले जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा कळलं की ती 1978 पासूनच देशात होती. पाच वर्षांचा इतिहास टाचणीला लागून पेटीत पडलेला होता!

दोघी पिवळ्या-काळ्या, आकारानंही सारख्या. चेहऱ्यासमोर भिंग धरावं. साधीच्या तोंडावर बहुधा नांगरासारखी काळी खूण असते, जहाजाच्या नांगरासारखी. जर्मनच्या तोंडावर बहुतेकदा तीन ठिपके. पण खुणा बदलतात, म्हणून एकीवर विसंबू नये. डोळ्यामागची पिवळी पट्टी साधीत बहुधा काळ्यानं तुटते, जर्मनमध्ये सलग जाते. माशी सायनाइडच्या बरणीत मारली असेल तर पिवळा रंग लालसर पडतो, तेही ध्यानात ठेवावं. टाचणी छातीच्या मध्यरेषेच्या जरा उजवीकडे मारायची, म्हणजे डावी बाजू अभंग राहते.

साधी गांधीलमाशी मग दक्षिण बेटाच्या उत्तरेकडच्या बीच वृक्षांच्या जंगलांत घुसली. झाडांच्या सालीतले खवले कीटक तिथे मधुरस सोडतात, त्यावर तुई आणि बेलबर्ड हे पक्षी जगतात. तो रस तिनं लुटला आणि जर्मन माशीलाही तिथून हुसकावलं. अशा आक्रमणात ती कधी आली हा प्रश्न साधा नसतो, आणि त्याचं उत्तर फक्त साल लिहिलेली चिठ्ठी देते.

आपल्या महाविद्यालयांच्या कपाटांतही जुन्या पेट्या आहेत. डांबरगोळ्या उडून गेल्या की बारीक भुंगेरे आतले कीटक पोखरून भुगा करतात. कृपा करून त्या उघडा, गोळ्या बदला, सुटलेली चिठ्ठी ज्या टाचणीची तिलाच परत लावा. आणि जागा हवी म्हणून पेटी टाकून देऊ नका.